खुर्ची कस्तूची, हेवा माझा

बंगळूरला जाऊन काय काय पाहिलंस, असं गल्लीतल्या बायका मी परत आल्यापासून विचारताहेत. राजवाडा पाहिलास का, बाग पाहिलीस का, सिल्कची साडी आणलीस का. बायांनो, यातलं मी काहीही केलं नाही. मी माझ्या पुतण्याची शाळा पाहिली आणि आठवडाभर मनसोक्त जळले. त्या जळण्याचंच वर्णन करायचं तर करता येईल, म्हणून एकदाच लिहून टाकते. परत परत सांगताना माझं डोकं फिरतं.

आधी कस्तूविषयी. कस्तुरी माझी मुलगी, बारा वर्षांची. जन्मली तेव्हा उशिरा रडली, त्यामुळे तिचं सगळंच सावकाश. वाचणं सावकाश, बटण लावणं सावकाश, आणि बोलणं तर फारच सावकाश. वाक्य तिच्या मनात तयार असतं, तोंडात यायला वेळ लागतो. आलं की बरोबर येतं. पण तोवर थांबतंय कोण? कराडात ती सगळ्यांच्याच शाळेत सहावीत आहे. भिंतीवर 'समावेशक शिक्षण' असं रंगवलेलंही आहे, सुंदर अक्षर आहे. विशेष शिक्षिका येतात, बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्या गळ्यात इतक्या शाळा मारल्यात की आमच्या वाट्याला त्या सणासुदीसारख्या येतात. एरवी कस्तू शेवटच्या बाकावर, दारापाशी बसते. दारापाशी का, तर तिला मध्येच बाहेर जायचं झालं तर वर्गाला त्रास नको!

आता प्रज्ञा. प्रज्ञा माझी धाकटी जाऊ. बंगळूरला एचएसआर लेआउटमध्ये राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. माझा दीर संदीप बंगळूरजवळच होसकोट्याला एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांचा निहार नऊ वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. आवाज सहन होत नाही, म्हणून कानांवर ते मोठे हेडफोन घालून फिरतो. सासूबाईंना दोन नातवंडं, दोघंही अशी. त्यात एकाला बंगळूर मिळालं आणि एकीला दारापाशीचा बाक मिळाला. माझ्या पोटात दुखायला एवढं कारण पुरे होतं.

तर प्रज्ञाचा फोन आला. "वहिनी, निहारच्या स्कूलमध्ये एक सीट आहे. ही उन्हाळ्यातही चालू असते, कस्तूला सुट्टीत थोडे दिवस ट्रायलला आणा ना. जमलं तर इथेच ठेवा, माझ्याकडे. आय विल मॅनेज."

माझी पोरगी तिच्याकडे ठेवायची आणि ती मॅनेज करणार. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "जाऊन तर ये. निर्णय तू घे." म्हणजे चुकला तर माझा.

एचएसआर लेआउट

बसच्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. सकाळी उतरलो तर अंगावर गार वारा आला. वैशाखात गार वारा! कराडात आम्ही ओल्या चादरी टांगून झोपतो. हवेपासूनच माझं सुरू झालं बघा.

प्रज्ञाच्या इमारतीला रॅम्प आहे. लिफ्टमध्ये बटणांवर टिपके आहेत, बोटांनी वाचायचे. घरात निहारसाठी एक कोपरा, त्यात पडदा लावलेला छोटा तंबू. कंटाळा आला की तो त्यात जातो आणि कोणी त्याला 'बाहेर ये, पाहुणे आलेत' म्हणत नाही. मला पाहून तो तंबूतच गेला. मला राग यायला हवा होता, पण मला वाटलं, मलाही असा एक तंबू हवा.

"वहिनी, दमला असाल. कॉफी?" प्रज्ञा म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं नव्हतं. झोप होत असणार. मी तेही मनात टिपून ठेवलं.

नाश्त्याला आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत गेलो. दर्शिनी म्हणजे उभ्या उभ्या खायचं हॉटेल. आधी काउंटरवर पैसे द्यायचे, टोकन घ्यायचं, मग दुसऱ्या खिडकीवर जाऊन गरम गरम घ्यायचं. सगळं झटपट, म्हणजे आमच्या कस्तूला अजिबात न जमणारं. आणि प्रज्ञाने काय करावं? तिला काउंटरपाशी पुढे केलं. "कस्तू, तुला काय हवं ते तू सांग."

काउंटरवरचा माणूस थांबला. कस्तूने तोंड उघडलं. मागे रांग वाढायला लागली. ऑफिसला जाणारी पोरं, पाठीवर बॅगा, हातात फोन. कोणीतरी म्हणालं, "स्वल्प बेगा, अम्मा." मला भाषा येत नाही, पण 'लवकर आटपा' कुठल्याही भाषेत कळतं. माझे कान लाल झाले.

"मसाला डोसा द्या," मी म्हणून टाकलं.

टोकन आलं, डोसा आला. कस्तूने त्याला हात लावला नाही. शेजारच्या माणसाच्या ताटलीत सांबारात बुडालेला वडा होता, त्याच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वडा."

"अगं मग आधी सांगायचं ना!" मी म्हणाले.

प्रज्ञा गुपचूप गेली आणि वड्याचं टोकन घेऊन आली. ती काही बोलली नाही हेच मला जास्त झोंबलं. डोसा मी खाल्ला. सांबार गोड होतं. आमच्याकडे असं सांबार कोणी दिलं तर त्यात चुकून गूळ पडला असं म्हणतील.

शाळा

शाळा मागच्या एका शांत गल्लीत आहे. साधं दुमजली घर, पुढे अंगण. मी मोठं काहीतरी, काचांचं, अशी कल्पना करून गेले होते आणि काहीतरी खोट सापडेल अशी आशाही होती. खोट सापडली नाही.

दारात शांतक्का भेटल्या. त्या विशेष शिक्षिका, मूळच्या निपाणीकडच्या. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड असं मिसळलेलं की वेगळं करता येत नाही. मुलं त्यांना नुसतं अक्का म्हणतात. मॅडम नाही, टीचर नाही.

"या की ताई, बसा की. आणि ही कस्तुरी होय?" त्या कस्तूसमोर उकिडव्या बसल्या. "तुला काय म्हणून हाक मारू?"

"कस्तू म्हणतो आम्ही," मी म्हणाले.

शांतक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कस्तूकडेच बघत बसल्या. वारा आला, गेला. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. मग कस्तू म्हणाली, "कस्तुरी."

घ्या! बारा वर्षं कस्तू कस्तू करतोय आणि हिला पूर्ण नाव हवंय.

पालकांना वर्गात बसता येत नाही. व्हरांड्यात बाकडं आहे, तिथून खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. मी मान वाकडी करकरून बघितलं. त्या दिवशी धडा होता तळ्यांचा. बंगळूरची जुनी तळी, एक भरलं की त्याचं पाणी खालच्यात कसं जायचं. एक मुलगा ते संगणकावर टाइप करत होता, कारण त्याच्या बोटांना पेन धरवत नाही. एक मुलगी बोटांनी पान वाचत होती. दोघं जण भांडत भांडत चित्र काढत होते. निहार सगळ्यांकडे पाठ करून तळ्यांची नावं क्रमाने म्हणत होता. आणि माझी कस्तू मातीचे बांध घालून वरून तांब्याने पाणी सोडत होती. पाणी एका खड्ड्यातून दुसऱ्यात गेलं तेव्हा तिने टाळी वाजवली. धडा एकच, आणि प्रत्येकाला आपापल्या वाटेने तिथे जायची मुभा. अशी ताकीद नाही की सगळ्यांनी एकाच दारातून आत यायचं, नाहीतर दारापाशीच बसायचं.

मधली सुट्टी झाली ती मला कळलीच नाही. घंटा झालीच नाही! एक मुलगी पिवळं निशाण घेऊन वर्गावर्गातून फिरून आली आणि सगळे बाहेर पडले.

"घंटा बिघडलीय का?" मी शांतक्कांना विचारलं.

"नाही हो ताई. निहारला आवाज सोसत नाही, मग काढून टाकली. मुलांनीच ठरवलं, निशाण फिरवायचं म्हणून."

एका पोरासाठी अख्ख्या शाळेची घंटा! बायांनो, खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गेली दोन वर्षं एक बाक पुढे सरकवायला सांगतेय. एक बाक. तो आपल्या जागचा हललेला नाही. आणि इथे ह्यांनी घंटा काढली! संध्याकाळी प्रज्ञाने विचारलं, "कशी वाटली स्कूल?" मी म्हटलं, "बरी आहे." बरी! एवढी कंजूष आमची जीभ.

निहारची सभा

या शाळेची एक रीत आहे, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्याकडे पालकसभेत बाई बोलतात, आपण माना डोलावतो, आणि मूल कोपऱ्यात नखं खात उभं असतं. इथे सभा मूलच घेतं. खोलीत हात असलेली एक लाकडी खुर्ची, ती मुलाची. आई, वडील, शिक्षिका सगळे खाली सतरंजीवर. मुलाने तीन गोष्टी सांगायच्या: मला काय येतं, मला काय अवघड जातं, मला काय हवंय. बोलून सांगा, चित्रं दाखवून सांगा, करून दाखवा. आणि त्याचं संपेपर्यंत मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. संपलं की मूल म्हणतं, "ईग हेळी." म्हणजे आता बोला. मगच बोलायचं.

निहारची सभा त्याच आठवड्यात होती. संदीप होसकोट्याहून रजा काढून आला. प्रज्ञाने मलाही बसवलं.

निहार खुर्चीत बसला, हेडफोन घालून, भिंतीकडे बघत. त्याने चित्रं एकेक करून मांडली. येतं: तळ्यांची नावं, पोळी लाटणं, लिफ्ट. अवघड: फुगे, नवा साबण, वाढदिवस. हवंय: बाबांसोबत कारखान्याच्या बसमधून होसकोट्याला जायचं, खिडकीपाशी बसून. मग भिंतीलाच म्हणाला, "ईग हेळी."

संदीपचा चेहरा असा फुलला म्हणता! "पुढच्या आठवड्यात नेतो," तो म्हणाला. प्रज्ञाही हसली. ती कशी हसली ते मी तेव्हा नीट पाहिलं नाही. मी माझ्याच जळण्यात होते. नऊ वर्षांचा पोरगा आणि त्याचं म्हणणं तीन मोठी माणसं मांडी घालून ऐकताहेत. माझं म्हणणं एवढ्या शांतपणे कोणी कधी ऐकलंय?

त्या दिवशी घरी येताना कस्तूने माझा हात सोडून प्रज्ञाचा धरला. रस्ता ओलांडण्यापुरताच. पण धरला. मनात म्हटलं, चला, पोरगी इथे रमली. ठेवावं लागणार. तिच्या भल्याचं आहे ते दिसत होतं मला, आंधळी नाही मी. पण आपल्या लेकराचं भलं दुसरीच्या घरात व्हावं, यासारखं जळजळीत काही नाही. रात्री ह्यांना फोन केला. म्हटलं, "बहुतेक ठेवून येते." हे म्हणाले, "तिला विचारलंस?"

"तिला काय कळतंय," मी म्हणाले.

कस्तूची सभा

शेवटच्या दिवशी कस्तूची सभा. त्यावरूनच शाळा ठरवणार आणि आम्हीही.

ती खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. मी सतरंजीवर, एका बाजूला प्रज्ञा, दुसऱ्या बाजूला शांतक्का. सुरुवात होण्याआधीच मी म्हणाले, "कस्तू, घाबरू नको हं."

"ताई," शांतक्का हळूच म्हणाल्या, "गप्प बसा की स्वल्प."

कस्तूने आधी तिची वेणी सोडली. सकाळी मी घट्ट घातलेली, तेल लावून. मी पुढे झुकले. शांतक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कस्तूने केसांचे तीन भाग केले. एक सुटला. परत धरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझी बोटं वळवळत होती, देते एकदा घालून आणि मोकळी होते असं झालं होतं. शेवटी वेणी झाली. वाकडी, सैल, पण वेणी. तिने रिबिनीची गाठसुद्धा मारली.

"येतं," ती म्हणाली.

मी शांतक्कांकडे रागाने पाहिलं. माझ्या लेकीला वेणी घालायला ही बाई शिकवते, चार दिवसांत! त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी नाही शिकवलं. तुमच्याकडं बघून येतच होतं तिला. मी फक्त कंगवा हातात दिला."

मग अवघड. कस्तूसमोर चित्रांचा ढीग होता: पुस्तक, जिना, गर्दी. तिने एकही उचललं नाही. तिने बोट माझ्याकडे केलं.

"आई," ती म्हणाली. आम्ही थांबलो. "आई बोलते. मी..." परत थांबलो. "मी बोलायच्या आधी."

रडू आलं असं सांगितलं तर छान दिसेल. मला राग आला. रात्रंदिवस हिच्यामागे धावते, हिच्यासाठी चारचौघांत भांडते, हिचं तोंड होते, आणि मीच अवघड? जिना सोपा आणि आई अवघड? मी बोलायला तोंड उघडलंच होतं आणि माझ्या लक्षात आलं की मी आत्ता बोलले तर तिचं म्हणणं खरं ठरेल. तोंड मिटलं. आयुष्यात एवढा घट्ट जबडा मी कधी आवळला नसेल.

आता हवंय. तिने एक चित्र उचललं, या शाळेचं. छातीशी धरलं. झालं, मी मनात म्हटलं, ठेवली. मग तिने दुसरं उचललं, घराचं. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली आणि वरून हाताने दाबली.

"अशी," ती म्हणाली. "अशी शाळा. घरी. कराडला."

खुर्चीत मागे टेकून बसली आणि अगदी रुबाबात म्हणाली, "ईग हेळी."

मला बोलता येत होतं आता. परवानगी मिळाली होती. म्हटलं फक्त, "बरं, कस्तुरी."

शांतक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मग आमचं काय ठरवायचं राहिलंच नाही. खुर्ची तेवढी तिकडं शोधा."

बाहेर व्हरांड्यात प्रज्ञा माझ्यापासून थोडी लांब जाऊन उभी राहिली. मला वाटलं हिला राग आला, एवढं करून पोरगी नाही म्हणाली. मी म्हटलं, "प्रज्ञा, वाईट वाटून घेऊ नकोस गं. तू एवढं केलंस..."

"तसं नाही वहिनी." ती डोळे पुसत होती. "निहारच्या किती सभा झाल्या. त्यात लिफ्ट येते, बस येते, बाबा येतो. मी एकदाही आले नाही. अवघडमध्ये पण नाही. आणि कस्तूला एवढी मोठी स्कूल सोडून तुमच्याकडेच यायचंय. आय ॲम सो जेलस ऑफ यू, ठाऊक आहे?"

मी आठवडाभर हिच्या हवेवर, हिच्या झोपेवर, हिच्या लिफ्टवर जळत होते, आणि ही माझ्यावर! मला हसू आलं, मग तिला मिठी मारली. निघताना दर्शिनीत गेलो. कस्तू काउंटरवर उभी राहिली. मागे रांग लागली. मी मागे वळून त्या रांगेकडे असं काही बघितलं की कोणाची 'बेगा' म्हणायची हिंमत झाली नाही. वडा आला.

कराड

शाळा सुरू झाल्यावर पहिली पालकसभा. आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत, फक्त सतत घाईत. आम्ही त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते कोणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेले होते. टेबलामागे त्यांची हात असलेली खुर्ची रिकामी. कस्तूने खोलीभर पाहिलं, तिला जे हवं ते दिसलं, आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली.

मी उठलेच होते तिला ओढायला. उठले आणि परत बसले.

सर आत आले. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय ओ, हे काय?"

मी कस्तूकडे बघितलं. कस्तूने समोरच्या पालकांच्या बाकाकडे बोट केलं. सर थोडे गोंधळले, हसले, आणि काय वाटलं कोण जाणे, माझ्या शेजारी बाकावर बसले. कस्तूने वेणी पुढे घेऊन दाखवली. "येतं." मग थांबली. सरांनी घड्याळ पाहिलं. "हिला काय म्हणायचंय?" त्यांनी मला विचारलं.

"तिचं संपू दे, सर."

पंखा फिरत होता. मैदानावर कुणीतरी शिट्टी मारली. कस्तूचे ओठ हलले, थांबले, परत हलले.

"दारापाशी नको," ती म्हणाली. आणि मग, "पुढे."

दोन वर्षं मी जे घसा फोडून सांगत होते ते तिने एवढ्यात सांगितलं. सरांनी घड्याळावरून हात काढला. ते काही बोलणार इतक्यात ती म्हणाली, "थांबा." आणि नीट टेकून बसली. "ईग हेळी."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी अर्थ सांगणारच होते, पण माझं लक्ष दाराकडे गेलं. पुढच्या नंबरची आई उभी होती. तिचा मुलगा तिच्या पदरामागे, तोही शेवटच्या बाकावरचा. ती कस्तूकडे बघत होती, त्या खुर्चीकडे, बाकावर बसलेल्या सरांकडे. तिच्या तोंडावर जे होतं ते मला लगेच ओळखू आलं. तेच तोंड घेऊन मी आठवडाभर बंगळूरमध्ये फिरले होते.

मी बाकावर सरकले. "ये," म्हटलं, "इथे बस. पुढची सभा तुझ्या लेकाची आहे."